न्यू यॉर्कमध्ये गाडीचा अपघात: दवाखान्याचं बिल कोणता विमा भरतो आणि पहिल्या ३० दिवसांत काय करायचं

अपघातानंतर ओळखीच्यांचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "चूक समोरच्याची होती, मग बिल त्याचीच कंपनी भरेल ना?" गाडीच्या नुकसानीपुरतं हे बरोबर आहे. अंगाला झालेल्या इजेच्या उपचारांना मात्र न्यू यॉर्कमध्ये हा नियम लागू नाही. चूक कोणाची हे ठरायची वाट न पाहता तुम्ही बसला होतात त्या गाडीचा विमा दवाखान्याचं बिल भरतो. यालाच नो-फॉल्ट म्हणतात. पॉलिसीच्या कागदावर ते पीआयपी, म्हणजे पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन, या नावाने दिसतं.

दोन वर्षांपूर्वी माझे सासरे भारतातून आले होते. क्वीन्समध्ये आमच्या गाडीला मागून धक्का बसला तेव्हा ते मागच्या सीटवर होते. इमर्जन्सी रूमच्या काउंटरवर आम्ही घाईघाईत त्यांचं ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कार्ड दिलं. गाडीच्या कंपनीला फोन केला, पण बोलणं सगळं बंपरबद्दल झालं. मानेच्या दुखापतीचा वेगळा क्लेम लागतो हे कळलं तेविसाव्या दिवशी. मुदत तीस दिवसांची असते. कसाबसा अर्ज वेळेत पोचला. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला मी पुढचा क्रम सांगते, कारण माणसं चुकतात ती प्रत्येक वेळी त्याच चार-पाच जागी.

पायरी १: अपघाताआधीची तयारी

पॉलिसीचं डिक्लरेशन पेज, म्हणजे कोणतं संरक्षण किती रकमेचं आहे ते लिहिलेलं पान, काढा. बहुतेकांनी ते घेतल्यापासून उघडलेलं नसतं. त्यावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, मूळ पीआयपी. न्यू यॉर्कमध्ये माणशी ५०,००० डॉलरचं संरक्षण सक्तीचं आहे. त्यात उपचारांचा खर्च येतो. बुडालेल्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,००० डॉलर, तीन वर्षांपर्यंत येतात. शिवाय दवाखान्यात जाण्यायेण्याची टॅक्सी किंवा घरकामाला ठेवलेली मदत अशा खर्चांसाठी दिवसाला २५ डॉलरपर्यंत, वर्षभर मिळतात. हे सगळं त्याच ५०,०००मधून जातं. रुग्णालयात दोन-तीन दिवस राहून शस्त्रक्रिया झाली तर ही रक्कम किती लवकर संपते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरी, ओबेल, म्हणजे ऑप्शनल बेसिक इकॉनॉमिक लॉस. थोडा जास्त हप्ता भरून आणखी २५,००० डॉलर मिळतात.

तिसरी, ॲडिशनल पीआयपी, म्हणजे सक्तीच्या पीआयपीवर वेगळं घेतलेलं वाढीव संरक्षण. आईवडील वर्षाआड चार-सहा महिने राहायला येतात अशा प्रत्येक घराने इथे थांबून वाचावं. सक्तीच्या पीआयपीत तुमच्या गाडीत बसलेल्या पाहुण्याला संरक्षण आहे ते न्यू यॉर्क राज्याच्या हद्दीत झालेल्या अपघातासाठी. राज्याबाहेर ते संरक्षण तुम्हाला, तुमच्या घरात कायम राहणाऱ्या नातेवाइकांना आणि तुमच्या गाडीतल्या न्यू यॉर्कच्या रहिवाशांना आहे. चार महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे 'घरात कायम राहणारे' या व्याख्येत बसतीलच असं नाही. म्हणजे नायगराच्या अमेरिकन बाजूला अपघात झाला तर ते निश्चिंत. तुमच्याच गाडीने वॉशिंग्टन बघायला निघालात आणि पेनसिल्व्हेनियात किंवा मेरीलँडमध्ये धडक झाली तर तेच सासू-सासरे उघड्यावर पडू शकतात. एजंटला ईमेलने विचारा: "न्यू यॉर्कबाहेर माझ्या गाडीत बसलेल्या, इथे न राहणाऱ्या पाहुण्यांना ॲडिशनल पीआयपीत संरक्षण मिळेल का?" उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

तपासणी: गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये विम्याचं कार्ड आहे का? पॉलिसी नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही फोनमध्ये आहे का? अपघातात जखमी होणारा माणूस बहुतेकदा तोच असतो ज्याच्या एकट्याच्या फोनमध्ये सगळी माहिती असते.

पायरी २: कोणत्या गाडीचा विमा, हे आधी ठरवा

चुकीच्या कंपनीकडे अर्ज गेला की मुदतीतले दिवस तिकडे वाया जातात.

तुम्ही गाडीत होतात, स्वतःच्या किंवा मित्राच्या, तर त्या गाडीचा विमा. तुमच्या नावावर वेगळी पॉलिसी असली तरी न्यू यॉर्कमधल्या अपघातात पहिला नंबर तुम्ही बसलेल्या गाडीचाच.

तुम्ही पायी चालत होतात किंवा सायकलवर होतात, तर ज्या गाडीने ठोकलं तिचा विमा. इथे घोटाळा होतो. चालत असताना गाडीने उडवलं तर बरेच जण थेट आरोग्य विम्याकडे जातात आणि त्या गाडीचा नंबर कोणी टिपलेलाच नसतो.

टॅक्सी किंवा ॲपवरून बोलावलेली गाडी असेल तर त्या गाडीचा विमा. ॲपमधल्या ट्रिपचा स्क्रीनशॉट आणि नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा.

बसमध्ये असाल तर नियम उलटा होतो. तुमच्या घरात न्यू यॉर्कची गाडीची पॉलिसी असेल तर आधी ती, नसेल तर बसची.

कामावर असताना अपघात झाला, म्हणजे डिलिव्हरी करताना किंवा ऑफिसच्या कामाने जाताना, तर आधी वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावरच्या इजेसाठी मालकाचा विमा. मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा.

ठोकणारा पळून गेला किंवा त्याच्याकडे विमाच नव्हता, तर पायी चालणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातली गाडीची पॉलिसी बघायची. घरात कोणाकडेच गाडी नसेल तर न्यू यॉर्कच्या रहिवाशांसाठी मोटर व्हेईकल ॲक्सिडेंट इन्डेम्निफिकेशन कॉर्पोरेशन ही संस्था आहे. पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत २४ तासांच्या आत पोलिसांत नोंद लागते. "लागलं थोडंसंच, कशाला पोलीस" असं म्हणून घरी गेलात तर हा रस्ता बंद होतो.

इशारा: मोटरसायकलवर बसलेल्यांना, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, नो-फॉल्ट मिळत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही ते नाकारता येतं, तातडीचे रुग्णालयातले उपचार एवढाच त्याला अपवाद.

पायरी ३: अपघाताच्या जागी

पोलिसांना बोलवा आणि गाडीतल्या प्रत्येक माणसाचं नाव रिपोर्टमध्ये जाईल असं बघा. मागे बसलेली आजी "मला काही झालं नाही" म्हणते, म्हणून तिचं नाव राहतं. तिसऱ्या दिवशी तिला मान वळवता येत नाही आणि ती त्या गाडीत होती याचाच पुरावा नसतो. इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या वतीने तुम्ही बोला आणि काय दुखतंय ते सगळं सांगा. आपल्या आधीच्या पिढीला दुखणं लपवायची सवय आहे. या एका ठिकाणी त्यांना ती सोडायला लावा.

दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट, समोरच्याचं विम्याचं कार्ड, रस्त्याची पाटी, सिग्नल, काच-पत्रा, सगळ्यांचे फोटो घ्या. रिपोर्टची प्रत कशी मिळेल ते पोलिसांकडूनच विचारून घ्या.

कोणाला इजा झाली असेल, किंवा कोणाच्याही मालमत्तेचं नुकसान १,००० डॉलरहून जास्त असेल, तर गाडी चालवणाऱ्याने दहा दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, एमव्ही-१०४ हा फॉर्म भरायचा असतो. पोलिसांनी रिपोर्ट केला म्हणून यातून सुटका होत नाही. याचा विम्याच्या क्लेमशी संबंध नाही. दोन्ही स्वतंत्र कामं आहेत.

पायरी ४: रुग्णालयाच्या काउंटरवर

काउंटरवर बसलेली व्यक्ती "इन्शुरन्स कार्ड?" असं विचारते आणि आपला हात सवयीने आरोग्य विम्याच्या कार्डाकडे जातो. इथे स्पष्ट सांगा: "हा गाडीचा अपघात आहे, नो-फॉल्ट." गाडीच्या विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि अपघाताची तारीख द्या. क्लेम नंबर मिळाला नसेल तर उद्या कळवतो म्हणा आणि खरोखर कळवा. आरोग्य विम्याचं कार्ड दाखवायला हरकत नाही, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं आहे हे सांगून.

उलट केलं तर काय होतं? आरोग्य विमा कंपनीला पुढे कळतं की हे अपघाताचं बिल आहे. ती भरायला नकार देते किंवा भरलेले पैसे परत मागते. तोवर रुग्णालयाची गाडीच्या कंपनीकडे बिल पाठवायची मुदत, म्हणजे उपचाराच्या दिवसापासून ४५ दिवस, उलटलेली असते. मग बिल येतं तुमच्या घरी. ट्रॅव्हल इन्शुरन्सचंही असंच. परदेशातून आलेल्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी 'दुसरा विमा असेल तर आधी तो' असं म्हणतात.

इथे एक भीती दूर करायला हवी. पाहुणे व्हिसावर आले आहेत म्हणून अनेक जण क्लेम करायला बिचकतात. नो-फॉल्ट ही सरकारी मदत नाही. तुम्ही हप्ता भरून घेतलेलं विम्याचं संरक्षण आहे ते. न्यू यॉर्कमध्ये तुमच्या गाडीत बसलेला माणूस जखमी झाला, एवढंच त्याच्या हक्काला पुरेसं आहे.

पायरी ५: तीस दिवसांचं लेखी काम

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. अपघाताच्या तारखेपासून ३० दिवसांत विमा कंपनीला लेखी सूचना जायला हवी. दिवस मोजायचे ते अपघातापासून. डिस्चार्जपासून किंवा दुखायला लागल्यापासून मोजायचे नाहीत.

माणसं कुठे अडकतात ते बघा.

फोन केला म्हणजे सूचना दिली असं वाटतं. फोन पुरत नाही. कंपनीचा माणूस फोनवर कितीही गोड बोलला तरी मुदतीत मोजला जातो तो कागद.

गाडीचा क्लेम केला म्हणजे माणसाचाही झाला असं वाटतं. बंपरचा ॲडजस्टर, म्हणजे क्लेम हाताळणारा कंपनीचा माणूस, वेगळा, नो-फॉल्टचा वेगळा. फोनवर शब्दशः "मला नो-फॉल्ट क्लेम उघडायचा आहे" असं म्हणा आणि त्याचा वेगळा नंबर घ्या.

नवऱ्याने अर्ज केला, बायकोचा आणि आईचा राहिला. प्रत्येक जखमी माणसाची सूचना वेगळी लागते. गाडीत चौघं होते आणि चौघांना लागलं असेल तर चार अर्ज.

अर्जाचा फॉर्म एनएफ-२. कंपनीला कळवलं की ती तो पाठवते. पण फॉर्म टपालात येईपर्यंत थांबून राहू नका. एक साधं पत्र लिहून आजच पाठवा. त्यात जखमीचं पूर्ण नाव आणि पत्ता, पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, तो कसा झाला हे दोन ओळींत, आणि कुठे लागलं एवढं लिहा. फॉर्म आला की भरून लगेच पाठवा. दोन्ही सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह. कंपनी ईमेल किंवा फॅक्स घेत असेल तर त्यावरही, आणि पोचल्याचा पुरावा जपा.

एनएफ-२ भरताना शरीराचा दुखणारा प्रत्येक भाग लिहा. फक्त 'मान' लिहिलं आणि महिन्याभराने खांद्याचं एमआरआय काढलं, तर खांदा या अपघाताचा नाहीच असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. नसलेलं काही लिहू नका. असलेलं काही वगळू नका.

तीस दिवस उलटून गेले असतील तर? सोडून देऊ नका. उशिरा सूचना देण्याचं स्पष्ट आणि पटण्याजोगं कारण लेखी दिलं तर कंपनीला त्याचा विचार करावा लागतो. आयसीयूत होतो, कोणत्या गाडीने ठोकलं हेच कळत नव्हतं, अशी कारणं कागदपत्रांसह द्या. "मला नियम माहीत नव्हता" यावर भिस्त ठेवू नका.

तपासणी: दहाव्या दिवशी स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रत्येक जखमीचा क्लेम नंबर आहे का? प्रत्येकाचं पत्र गेल्याची पावती आहे का? रुग्णालयाला क्लेम नंबर कळवला का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ते काम त्याच दिवशी करा.

पायरी ६: डॉक्टर निवडणं आणि सही करणं

नो-फॉल्टला तुमच्या आरोग्य विम्यासारखं नेटवर्क नसतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाता येतं, फक्त त्यांनी नो-फॉल्टचं बिल करायची तयारी दाखवायला हवी. अपॉइंटमेंट घेताना हे आधी विचारा. सगळेच डॉक्टर तयार नसतात.

तिथे तुमच्यापुढे सहीसाठी कागद येतो. दोन प्रकार दिसायला सारखे, परिणाम वेगळे. 'असाइनमेंट ऑफ बेनिफिट्स'वर सही केली तर बिल वसूल करायचा हक्क डॉक्टरकडे जातो आणि त्या उपचारांचे पैसे ते तुमच्याकडून मागणार नाहीत असं त्यात कबूल करतात. अपवाद दोन: तुमची पॉलिसीच लागू नसणं, किंवा पॉलिसीची अट तुमच्या वागण्यामुळे मोडणं. दुसरा कागद 'ऑथरायझेशन टू पे'. त्यात कंपनीने थेट डॉक्टरला पैसे द्यावेत एवढंच असतं. कंपनीने कमी दिले किंवा नाकारले तर बाकी तुमच्या अंगावर राहते. सही करायच्या आधी कागदाचं नाव वाचा आणि असाइनमेंट मागा.

अपघातानंतर दोन दिवसांत अनोळखी नंबरवरून फोन येऊ शकतो: अमुक क्लिनिकला या, टॅक्सीही आम्ही पाठवतो. जाऊ नका. तुमचा डॉक्टर तुम्हीच शोधा.

उपचार मध्येच सोडून दोन महिन्यांनी पुन्हा सुरू करणं टाळा. आपल्या घरांत हे फार होतं. बाम लावला, थोडं बरं वाटलं, मग पुन्हा दुखलं. त्या दोन महिन्यांच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून कंपनी म्हणते की हे दुखणं नवीन आहे. जायचं नसेल तर डॉक्टरला सांगून, त्यांच्या नोंदीत लिहून घेऊन थांबा.

पायरी ७: पगार आणि किरकोळ खर्च

बुडालेल्या पगारासाठी कंपनी तुमच्या ऑफिसकडून एनएफ-६ हा पगाराचा फॉर्म भरून मागते. डॉक्टरने 'कामावर जाऊ नये' असं लिहून दिलेलं हवं. पगार बुडाल्यापासून, किंवा टॅक्सी-मदतनीसाचा खर्च झाल्यापासून, ९० दिवसांत पुरावा पाठवा. तोंडी सांगितलेला खर्च मिळत नाही. मदतीला येणाऱ्या बाईंना रोख देत असाल तर तारीख, तास, रक्कम आणि त्यांची सही असलेली चिठ्ठी दर वेळी घ्या.

पायरी ८: कंपनीच्या डॉक्टरची तपासणी

काही आठवड्यांनी पत्र येतं. कंपनीने नेमलेला डॉक्टर तुम्हाला तपासणार. याला आयएमई म्हणतात. ठरल्या दिवशी न गेल्यामुळे चांगले क्लेम हातचे गेलेले आहेत, कारण तपासणीला जाणं ही पॉलिसीची अट आहे आणि वर असाइनमेंटबद्दल सांगितलेला अपवाद नेमका इथे लागू होतो. तारीख जमत नसेल तर आधी, लेखी, बदलून मागा. जाण्यायेण्याचा वाजवी खर्च आणि त्या दिवशीचा बुडालेला पगार कंपनीने द्यायचा असतो. हे मागायचं असतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

तिथे विचारलं तेवढं सांगा, खरं सांगा. "आता बरं आहे" असं संकोचाने म्हणू नका. पायऱ्या चढताना दुखतं तर पायऱ्या चढताना दुखतं म्हणा. वडीलधाऱ्यांसाठी दुभाषी हवा असेल तर आधीच कळवा.

पायरी ९: न्यू जर्सीच्या पॉलिसीवाल्यांनी वेगळं काय बघायचं

एडिसनला राहून मॅनहॅटनला कामाला येणारे आपल्यात खूप आहेत, म्हणून हे थोडक्यात. न्यू जर्सीचं पीआयपी गाडीपेक्षा माणसाच्या मागे जातं. मित्राच्या गाडीत बसला असलात तरी आधी तुमची किंवा तुमच्या घरातली पॉलिसी. रक्कमही तुम्ही निवडलेली असते. स्टँडर्ड पॉलिसीत ती २,५०,००० डॉलरपासून १५,०००पर्यंत खाली आणता येते, आणि हप्ता वाचवायला अनेकांनी ती खाली आणलेली असते. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे बिलातली आधी तुम्ही भरायची रक्कम, असतं आणि त्यानंतर ५,००० डॉलरपर्यंतच्या बिलाचे २० टक्के तुमचे. २५० डॉलर डिडक्टिबल असेल तर ५,००० डॉलरच्या बिलात तुमच्या खिशातून २५० अधिक उरलेल्या ४,७५०चे २० टक्के, म्हणजे ९५०, असे एकूण १,२०० जातात.

तिथे 'आरोग्य विमा आधी' असा स्वस्त पर्यायही मिळतो. तो निवडला असेल तर रुग्णालयात आरोग्य विम्याचं कार्डच पहिलं द्यायचं, म्हणजे चौथ्या पायरीच्या बरोबर उलट. नोकरी बदलली आणि आरोग्य विमा बदलला की हा पर्याय पुन्हा तपासा, कारण काही कंपन्यांचे आरोग्य विमे गाडीच्या अपघाताला हात लावत नाहीत. मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, असलेल्यांना हा पर्याय घेता येत नाही.

पायरी १०: नकार आला तर

पूर्ण पुरावा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे किंवा नकार कळवायचा. उशीर झाला तर महिन्याला २ टक्के व्याज लागतं. नकार येतो तो एनएफ-१० या फॉर्मवर. तो फेकू नका. त्यावर कारण लिहिलेलं असतं आणि पुढे कुठे दाद मागायची तेही. रस्ते तीन: राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेसकडे तक्रार, अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशनमार्फत लवाद, किंवा कोर्ट. तुम्ही असाइनमेंटवर सही केली असेल तर त्या बिलासाठी भांडायचं काम डॉक्टरचं आहे. तुम्ही त्यांच्या ऑफिसला नकाराची प्रत पाठवून तसं विचारा.

"आणखी माहिती हवी" असं पत्र म्हणजे नकार नव्हे. पण त्याला उत्तर दिलं नाही तर त्याचा नकार होतो. असं पत्र आलं की पाकिटावरची तारीख तिथेच फाइलवर लिहा.

५०,००० डॉलर संपले की कंपनीकडून तसं लेखी पत्र मागून घ्या आणि ते प्रत्येक डॉक्टरला द्या. त्या पत्राच्या आधारेच आरोग्य विमा पुढची बिलं घेतो. हाड मोडलं असेल, कायमचं व्यंग राहिलं असेल किंवा खर्च या रकमेच्या वर गेला असेल, तर आता 'चूक कोणाची' हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होतो. त्या टप्प्यावर वकिलाला भेटा आणि जाताना पोलीस रिपोर्ट, एनएफ-२ची प्रत, टपालाच्या पावत्या आणि सगळे एनएफ-१० तारखेच्या क्रमाने लावून न्या.